सियोचरा

काखेत थर्मामीटर धरून हेराकाजी खिडकीशी बसला होता आणि ते वाजायची वाट बघत होता. ताप फारसा नसावा. चैत्रात काठमांडूजवळच्या पाटणची धूळ दरवर्षी त्याचा घसा धरायची, तसा यंदाही धरला होता, एवढंच. खाली चौकात कुणीतरी मका वाळत घातला होता आणि त्यावर कबुतरं उतरत होती. त्यांचं घुमणं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. पंख फडफडले की तेही. वाजेल आता, वाजेल आता, असं मनाशी म्हणत तो बसून राहिला. तळमजल्यावरची ज्ञानशोभा त्याच्यासाठी पेज घेऊन जिना चढून आली आणि दारातच थबकली. “काजीदाजू, काढा की ते,” ती म्हणाली. “केव्हाचं ओरडतंय. मला जिन्यात ऐकू आलं.” त्यानं ते काढून बघितलं. आकडा स्थिर झालेला होता. डुलकी लागली असेल, असं काहीतरी तो पुटपुटला. ज्ञानशोभा पेजेचा वाडगा ठेवून, त्याच्या कपाळाला हात लावून, आजच्या दिवस आंघोळ करू नका असं बजावून निघून गेली. तिची पावलं पार खालपर्यंत गेल्यावर हेराकाजीनं उठून दार लावलं, थर्मामीटर पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा काखेत धरलं. या वेळी तो आरशासमोर उभा राहिला. आरसा कलता करून त्यानं आकडे चढताना बघितले, थांबताना बघितले, कोपऱ्यातली खूण लुकलुकायला लागली तशी ती वस्तू त्यानं उजव्या कानाशी धरली, मग डाव्या. बोटांना बारीकशी थरथर लागत होती. आवाज नव्हता.

पेज गार होऊन गेली. तो खिडकीशी बसून राहिला, पण आता चौकाकडे त्याचं लक्ष नव्हतं. चौसष्ट वर्षांचं आयुष्य त्यानं कानांवर काढलं होतं. काठमांडूच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा हे खरं, पण लोक त्याला ओळखायचे ते वेगळ्याच कारणासाठी. मुलं थट्टेनं म्हणायची, काजी सरांना अंड्यातल्या पिल्लाची जात बाहेरून ऐकून कळते. पूर्वेला, मेची नदीच्या वरच्या अंगाला सामलुङचा डांडा आहे, लांबलचक डोंगरधार. गेली अठ्ठावीस वर्षं दर वैशाखात तो तिथं जात होता. डांड्याच्या माथ्यानं वीस जागा ठरलेल्या. उजाडलं की पहिल्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं, कानावर पडेल तो प्रत्येक पक्षी वहीत उतरवायचा, मग पुढची जागा. त्या उंचीवर डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. गोब्रे सल्ल्याचे काळे, उंच, सुईसारख्या पानांचे, शेवाळाच्या जटा लोंबणारे वृक्ष, त्यांच्या खाली मालिंगो बांबूची माणूस गिळणारी दाटी, मधूनच गुरांसाच्या झाडाचा लाल नाहीतर पांढऱ्या फुलांनी पेटलेला माथा, आणि या सगळ्यावर ओल्या घोंगडीसारखं धुकं. पक्षी दिसतो तो चुकून. तो असतो तो त्याच्या आवाजात. आणि सगळ्यांत बारीक आवाज सियोचराचा. अंगठ्याएवढा, चिमूटभर वजनाचा जीव, डोक्यावर पिवळी रेघ ओढलेला, सल्ल्याच्या शेंड्यातून बाहेर न पडणारा. पुस्तकातलं नाव वेगळं होतं. हे नाव आइतमानचं, डांड्यावर त्याच्याबरोबर चढणाऱ्या वाटाड्याचं. सियो म्हणजे सुई. त्याचं गाणं ऐकू येत नाही, टोचतं, असं आइतमान म्हणायचा.

चार दिवसांनी ताप उतरल्यावर हेराकाजी कान तपासायला गेला. एका तरुण डॉक्टरणीनं त्याला गादी लावलेल्या खोलीत बसवलं, कानांवर डबड्या चढवल्या, हातात बटण दिलं, आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. सुरुवातीला आवाज आले. जाडे, मग मध्यम. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा बटण दाबत गेला. मग ते थांबले. बाई काहीतरी लिहीत असतील, असं त्याला वाटलं. काचेपलीकडे त्यानं बघितलं तर तिचा हात यंत्रावर होता, ती एक चकती फिरवत होती, त्याच्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. ती थांबलेली नव्हती. हे लक्षात आल्यावर त्यानं बटणावरचा अंगठा उचलला. त्याला सामलुङवरची चौदावी जागा आठवली, आणि कुणीतरी आपल्याकडे असंच बघत होतं हेही.

बाहेर आल्यावर तिनं त्याला कागद दाखवला. रेघ अर्ध्या कागदापर्यंत सपाट आली होती आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं सुधारेल, ती म्हणाली, पण त्याहून बारीक आवाज आता परत यायचे नाहीत. हे कधीपासून असेल, असं त्यानं विचारलं. ते सांगता येत नाही, ती म्हणाली. हळूहळू होतं, माणसाला पत्ता लागत नाही, कान काही नोंद ठेवत नाहीत.

नोंद त्यानं ठेवली होती. घरी येऊन त्यानं अठ्ठावीस वह्या खाली काढल्या आणि ज्ञानशोभेनं दुपारी जेवायला हाक मारली तरी तो त्यांच्यातच होता. आधी कोण गेलं? सियोचरा. सात वर्षांपूर्वी. त्याच्या आदल्या वर्षी दोन, त्याच्या आधी सहा, आणि फार पूर्वी कधीतरी तीसच्या वर. मग कोण? सालीवरून उंदरासारखा सरकत चढणारा तो तपकिरी पक्षी. मग काळ्या डोक्याची छोटी रामगंगा. मग बांबूच्या मुळाशी राहणारा, बिनशेपटीचा. त्यानं त्यांची नावं एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिली आणि त्याला ते दिसलं, जे एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. ते बारीकपणाच्या क्रमानं गेले होते. सगळ्यांत बारीक आवाजाचा सर्वांत आधी. जाड्या गळ्याचे सगळे जागेवर होते. कोकिळा होत्या, रानकबुतरं होती, गुरांसाच्या झुडपात कल्ला करणारे मोठे सातभाई तर वाढले होते. ही उतरण सुरू होताच त्यानं सात वर्षांपूर्वी तो गाजलेला लेख लिहिला होता. सल्ल्यावर जगणारे, किडे टिपणारे लहान पक्षी आधी जातात, असं त्यात सिद्ध केलं होतं. डांडा मुका होत चालला आहे, असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. ते वाक्य त्याला फार आवडलं होतं. ते लिहिलं त्या संध्याकाळी त्यानं बायकोला, पूर्णलक्ष्मीला, वाचूनही दाखवलं होतं, आणि ती काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती?

पूर्णलक्ष्मीचा आवाज मुळातच लहान. लग्नानंतर कितीतरी दिवस त्याला तो भांड्यांच्या आवाजातून वेचून काढावा लागे, आणि त्यात त्याला गंमत वाटे. ती आजारी पडली त्या वर्षात ती अबोल झाली. स्वयंपाकघरातून ती काही बोलायची. हा म्हणायचा, काय? ती पुन्हा बोलायची; हा म्हणायचा, काय? आणि मग ती म्हणायची, काही नाही. ते ‘काही नाही’ मात्र त्याला दर वेळी ऐकू यायचं, कारण ते ती दारात येऊन म्हणायची. आजारानं ती आत आत गेली, बोलायची थांबली, असं तो मित्रांना सांगायचा. पाच वर्षांपूर्वी, शेवटच्या आठवड्यात, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि तिचे ओठ हलत असायचे. जप करते आहे असं समजून तो पाय न वाजवता बाहेर जायचा. आता वह्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्याला वाटलं, जप नसेल तर? ती त्याच्याशी बोलत असेल तर? पण हे तपासून बघायला कुणी उरलं नव्हतं. आइतमान उरला होता.

आइतमान लिंबू नाम्लिङचा. सामलुङच्या पायथ्याचं शेवटचं गाव ते. हेराकाजी पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा आइतमान विशी-बाविशीचा होता. एकवीस वैशाख दोघं बरोबर डांडा चढले. हाब्रे, म्हणजे तांबडा पांडा, कुठल्या फांदीवर ऊन खात बसतो, बांबू फुलल्यावर उंदीर कसे येतात आणि उंदरांमागून घुबडं कशी, अस्वलानं ओरबाडलेली साल जुनी की कालची, हे त्यानं शिकवलं. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्याला हेराकाजीनं शिकवली. मग बाविसाव्या वैशाखातली ती सकाळ आली. चौदाव्या जागी एक फार जुना गोब्रे सल्ला होता. त्याच्याखाली उभं राहून हेराकाजीनं दहा मिनिटं ऐकलं आणि वहीत शून्य लिहिलं. आइतमान म्हणाला, सर, वर दोन आहेत. यानं पुन्हा ऐकलं. धुकं टपटपत होतं. त्या वर्षी त्याच्या मनात लेख तयार होता. त्यात कारणही तयार होतं, की माथ्यावरच्या चौरींच्या, म्हणजे याकच्या संकराच्या गाईंच्या, गोठांत सरपणाला सल्ला तोडतात, गुरं बांबू तुडवतात. चार गोठ होते, आणि चारही आइतमानच्या मेहुण्याचे, धनहर्काचे. “आइतमान,” तो म्हणाला होता, “मेहुण्याचे गोठ वाचावेत म्हणून झाडावर पक्षी बसवू नकोस.”  पाठीवरचा डोको, बांबूची टोपली, आइतमाननं झाडाच्या बुंध्याशी उतरवला, त्यातली हेराकाजीची छत्री आणि डबा काढून नीट शेजारी ठेवला, डोको पुन्हा पाठीला लावला आणि तो उतरून गेला. लेखात तळटीप होती. स्थानिक सहायकाचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे त्याच्या नोंदी धरलेल्या नाहीत. पुढच्या वर्षी वनसमितीनं तोच लेख पुढं ठेवून गोठ उठवले. त्या सकाळनंतरची सहा वर्षं हेराकाजी एकट्यानंच डांडा चढला. एकट्यानं मोजणं त्याला बरं वाटायचं. मध्ये कुणी बोलत नाही, असं तो म्हणायचा.

वैशाख लागला तसा तो निघाला. दीड दिवस बस, मग फिदिमहून जीप, मग चार तास चढ. नाम्लिङच्या वरपर्यंत आता रस्ता खोदत नेला होता, पण गाडी अजून चढत नव्हती. आइतमानच्या घराच्या पायरीवर पोचला तेव्हा दुपार कलली होती. आइतमान अंगणात बसून निगालो बांबूच्या कांबी काढत होता. केस पिकले होते. त्यानं मान वर करून बघितलं आणि कोयता चालूच ठेवला. त्याची बायको सञ्चमाया दारात आली, बसा म्हणाली नाही, पण वेताचा मुढा पायानं पुढं सरकवला. हेराकाजी बसला. वाटेत त्यानं मनाशी बरंच जुळवून ठेवलं होतं. ते सगळं त्यानं बाजूला ठेवलं.

“मला ऐकू येत नाही, आइतमान,” तो म्हणाला. “बारीक आवाज. आठ-दहा वर्षं झाली असतील.”

“ठाऊक आहे,” आइतमान म्हणाला.

कोयता बांबूत शिरला आणि बांबू सरळ दुभंगत गेला. मग आइतमाननं सांगितलं. त्या सकाळी तो पक्षी शेंड्यावर नव्हता, पार खालच्या फांदीला उतरला होता, सरांच्या टोपीपासून हातभर वर. सर मान वर करून त्याच दिशेला बघत होते. त्यांच्या बाजूनं झुपक्याआड असेल, दिसला नसेल, पण तो गात होता, चोच फाकून गात होता, आणि सरांनी खाली बघून शून्य लिहिलं. “मी तुमच्या पेन्सिलीकडे बघत होतो,” तो म्हणाला. “तेव्हाच कळलं.”

हेराकाजीनं विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस. उत्तर सञ्चमायेनं दिलं. “बोलला की. दोन आहेत म्हणाला. आणखी काय बोलायचं होतं त्यानं? सर, तुमचे कान गेले? म्हणजे तुम्ही छापलं असतंत, मेहुण्यासाठी गुरूला बहिरा ठरवतो म्हणून.” ती जोरात बोलत होती, एकेक शब्द सुटा करून, हेराकाजीला उमगलं की ती रागानं नव्हे, त्याला ऐकू यावं म्हणून तसं बोलते आहे, आणि मग वाटलं की कदाचित दोन्ही असेल. तिनं आपल्या भावाचंही सांगितलं. धनहर्कानं अकरा चौरी खाली नेऊन पडेल त्या भावानं विकल्या. खालच्या उन्हात त्या जगल्या नसतील. तो आता कतारमध्ये कुठल्याशा इमारतीच्या फाटकावर पहारा करतो. फोन करतो तेव्हा बाकी काही विचारत नाही, माथ्यावर बर्फ पडलं का तेवढं विचारतो.

हेराकाजीनं पिशवीतून पत्राचा मसुदा काढला. एक प्रत लेख छापणाऱ्या नियतकालिकाला जायची होती, एक वनसमितीला. आइतमाननं तो हातात घेतला नाही, वाचा म्हणाला. हेराकाजीनं वाचला. माझ्या श्रवणदोषामुळे, असं त्यात होतं. तळटीप मागे घेतो, असं होतं. गोठांबद्दलचा निष्कर्ष निराधार होता, असंही होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं की श्री. आइतमान लिंबू यांनी मोठ्या मनानं मला क्षमा केली आहे.

“ते शेवटचं काढा,” आइतमान म्हणाला. “मी अजून केलेली नाही. करीन की नाही तेही माहीत नाही.”

हेराकाजीनं तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, वाक्य खोडलं.  सञ्चमायेनं तोंगबाचे दोन पेले आणून ठेवले; कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतलं, नळ्या खोचल्या. पहिला घोट घेऊन झाल्यावर, डांड्याकडे बघत, आइतमान म्हणाला, “उद्या येतो वर. मजुरीवर नाही. आणि वही माझ्याकडे राहील.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते पहिल्या जागी उभे होते. गुरांस संपत आला होता. वाटभर लाल पाकळ्या चिखलात बसल्या होत्या. कसं करायचं ते ठरलेलं नव्हतं. हेराकाजी सवयीनं मान किंचित कलती करून उभा राहिला आणि त्याला आपल्या त्या पवित्र्याची लाज वाटली. एवढ्यात बाहीला स्पर्श झाला. आइतमाननं दोन बोटं त्याच्या कोपरावर टेकवली होती आणि दुसऱ्या हातानं वर, डावीकडे दाखवलं. “सियोचरा,” त्यानं तोंड हलवून सांगितलं आणि वहीत लिहिलं. थोड्या वेळानं पुन्हा स्पर्श, रामगंगा. पुन्हा, तो सालीवरचा.  जंगल तसंच होतं, ओलं, स्तब्ध, शेवाळातून थेंब गाळणारं. आणि त्या स्तब्धपणात कुणीतरी आंधळ्याच्या तळहातावर अक्षरं गिरवावीत तसे पक्षी त्याच्या बाहीवर उमटत होते. सहा वर्षं तो इथं एकटाच उभा राहून लिहीत होता, नाही, नाही, नाही. आणि सहाही वर्षं ते त्याच्या डोक्यावर गात होते.

सहाव्या जागी धुकं क्षणभर फाटलं. कोवळ्या सल्ल्याची एक फांदी वाटेवर आली होती आणि तिच्या टोकाशी तो होता. डोक्यावरची पिवळी रेघ फुलून केशरी झालेली. चोच उघडी, गळा थरथरतो आहे, सबंध देह त्या थरथरीनं हलतो आहे. हेराकाजीनं श्वास धरला. इतक्या जवळून त्यानं सियोचरा पूर्वी कधीच पाहिला नव्हता. पूर्वी ऐकून भागायचं, बघायची गरज नव्हती. आवाज कसा होता ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला. सुई आठवली, टोचणं आठवलं, आइतमानचे शब्द आठवले. आवाज आठवला नाही. भिंतीकडे वळलेले ओठ आठवले. धुकं पुन्हा मिटलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि आइतमान मुद्दाम वहीत बघत होता.

विसाव्या जागी वही बंद करून आइतमाननं बेरीज सांगितली. सियोचरा अकरा. हेराकाजी चमकला. अकरा? तीस असायचे. आइतमाननं मान हलवली. कमी झालेत, तो म्हणाला, ते खरंच. सल्ला शेंड्याकडून वाळतो आहे, हिवाळ्यात बर्फ टिकत नाही, ते बघताच आहात. गोठांचा त्यात काही संबंध असता तर गोठ गेल्यावर पक्षी वाढले असते. हेराकाजीच्या मनात जुना मास्तर एकदम जागा झाला. मग ही घट कधी सुरू झाली, कुठल्या वर्षी, एकदम की हळूहळू, असं त्यानं घाईघाईनं विचारलं. ते कळलं तर अजून लेख दुरुस्त करता येईल, खरं कारण धरता येईल. आइतमाननं वही बगलेत धरली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“ते मला कसं ठाऊक असणार सर? तुम्ही तसं लिहिल्यावर मी पुन्हा वर पाय ठेवला नाही. इतकी वर्षं इथं तुम्हीच होतात.”

ते उतरायला लागले. वाट अरुंद होती, आइतमान शेजारून झाडोरा बाजूला सारत चालत होता, आणि मधूनमधून, चालता चालता, कोपराला दोन बोटं लागत. त्यानं ते थांबवलं नव्हतं, मोजणी संपली होती तरी. सल्ला मागं पडून खसरुच्या ओकांचं रान लागलं, तिथं बोटं लागतच राहिली. एका ओढ्याशी तर इतक्या लागोपाठ की हेराकाजीला हसू आलं. मग रान उतरत गेलं आणि स्पर्श थांबला. शंभर पावलं, दोनशे पावलं. हेराकाजी वाट बघत राहिला. आइतमान दमला असेल. नाहीतर त्याला आठवलं असेल सगळं, चौदाव्या जागेवरून उतरताना, आणि मन पुन्हा घट्ट झालं असेल. तसं असेल तर आपल्याला विचारायचा हक्क नाही. आणखी एक वळण गेलं. शेवटी न राहवून त्यानं आपणच आइतमानच्या दंडाला हात लावला आणि भुवया उंचावल्या.

आइतमान थांबला. त्यानं कान दिला. खाली नव्या रस्त्यासाठी रान मोकळं केलं होतं. दोन्ही अंगांना पांढरे बुंधे आणि उकरलेली तांबडी माती.

“नाही,” तो म्हणाला. “इथं खरंच काही नाही.”

हेराकाजी थोडा वेळ उभा राहिला. वरचं रान आणि ही माती, त्याच्या कानांना दोन्ही सारखीच होती. फरक तेवढा बाहीवर होता.